‘धुके’ म्हणून सांगितले आणि आम्ही रिफंडचे बटण दाबले

जानेवारीत मी माझ्या एकाहत्तर वर्षांच्या आईला घेऊन दिल्लीहून पुण्याला परत येत होते. विमान रात्री ९.१० चे होते. साडेआठच्या सुमारास फलकावर सुटण्याची वेळ १०.१० झाली, काही वेळाने ११.१० आणि मग १२.१०. दर वेळी तासाभराचीच वाढ होत असल्याने उठून जाब विचारावा असे कोणालाच वाटले नाही. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास उशीर झाला की प्रवाशांच्या खाण्यापिण्याची सोय कंपनीने करायची असते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. आई मधुमेही आहे असे तीनदा सांगितल्यावर पावणेबाराला आम्हा दोघींच्या हातात एकेक थंडगार सँडविच ठेवण्यात आले.

साडेबाराला विमान रद्द झाल्याचे जाहीर झाले आणि काउंटरपुढे भली मोठी रांग लागली. कंपनीच्या गणवेशातला एक तरुण रांगेच्या कडेने फिरत प्रत्येकाला अत्यंत नम्रपणे एकच गोष्ट सांगत होता: विमान धुक्यामुळे रद्द झाले आहे, त्यामुळे हॉटेल किंवा भरपाई काही मिळणार नाही; ॲपवर आत्ताच रिफंड घ्या, नाहीतर पैसे कित्येक महिने अडकून पडतील. दिल्लीच्या जानेवारीत धुके म्हटले की कोणालाही पटते, आम्हालाही पटले. “आंटीजींना बसू द्या, मी करून देतो,” असे म्हणत त्याने माझा फोन हातात घेतला, नेमके पान उघडले आणि बटण तेवढे मला दाबायला सांगितले. त्या बटणाखाली बारीक अक्षरांत, प्रवासी स्वेच्छेने परतावा स्वीकारत असून पर्यायी विमानाचा हक्क सोडत आहे, अशा अर्थाची ओळ होती. ती मी घरी आल्यावर वाचली. दहा-पंधरा मिनिटांत रांग निम्म्यावर आली होती.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा, नियम याहून बराच वेगळा आहे. विमान रद्द होणार असल्याचे कंपनीने आधी कळवले नसेल, तर प्रवाशाला मान्य होईल असे दुसरे विमान द्यावे लागते, किंवा तिकिटाचे पूर्ण पैसे परत करून वर भरपाई द्यावी लागते. उड्डाण दोन तासांहून अधिक असेल, तर ही भरपाई १०,००० रुपये किंवा एका बाजूचे मूळ भाडे अधिक इंधन शुल्क, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती. दुसऱ्या विमानाची वाट पाहणाऱ्यांच्या खाण्यापिण्याची जबाबदारीही कंपनीचीच. भरपाईतून सुटका होते ती कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांत, आणि हवामान त्यांत मोडते. वैमानिकांच्या ड्युटीचे ठरलेले तास संपणे मोडत नाही. धुके हा शब्द इतक्या आग्रहाने का पेरला जात होता, ते आता लक्षात येते. त्याच रात्री ११.२० आणि ११.४५ ला दुसऱ्या दोन कंपन्यांची विमाने पुण्याकडे गेली होती आणि फलकावर तसे स्पष्ट दिसत होते. पुढे काउंटरवरच्याच एका बाईंनी हळू आवाजात, क्रू मिळाला नाही, असे सांगितले.

बटण दाबल्यावर आम्हाला पुण्याला पोहोचवणे ही कंपनीची जबाबदारी राहिलीच नाही. मूळ तिकीट माणशी ६,४०० रुपयांचे होते, सकाळच्या विमानाला माणशी १७,९०० मोजावे लागले. रात्र खुर्च्यांवर काढली, आईच्या पायाखाली माझी बॅग. परतावा आठवड्याभरात आला खरा, म्हणजे पैसे महिनोन्‌महिने अडकण्याची भीतीही खोटीच होती. तिकिटे काढलेल्या संकेतस्थळाने आपले सेवाशुल्क मात्र ठेवून घेतले.

भरपाईसाठी कंपनीला लिहिले तर दोन ओळींचे उत्तर आले: प्रतिकूल हवामान, आणि प्रवाशाने स्वेच्छेने घेतलेला परतावा. सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार केली, तेव्हाही कंपनीने तेच उत्तर चिकटवले. आता पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्याची तयारी चालू आहे. तक्रारदार जिथे राहतो तिथेच तक्रार दाखल करता येते, मुदत दोन वर्षांची असते आणि एवढ्या लहान रकमेच्या व्यवहाराला शुल्क पडत नाही. माझ्याजवळ बोर्डिंग पास आहेत, फोनवर आलेले संदेश आहेत आणि रांगेतल्या एका विद्यार्थिनीने काढलेला फलकाचा फोटो आहे, ज्यात त्या दोन्ही विमानांपुढे ‘डिपार्टेड’ असे दिसते. विमान का रद्द झाले याचे लेखी कारण मात्र माझ्याजवळ नाही, कारण त्या रात्री ते मागायचे मला सुचले नाही. माझ्या मागे उभ्या असलेल्या एका गृहस्थांना ते सुचले होते. “मला रिफंड नको, पुढचे विमान हवे, आणि रद्द होण्याचे कारण कागदावर लिहून द्या,” एवढेच ते शांतपणे पुन्हा पुन्हा सांगत राहिले. कागद त्यांनाही मिळाला नाही. परंतु दुसऱ्या दिवशी दुपारच्या विमानात त्यांना जागा मिळाली, जादा एक रुपयाही न भरता.