नाल्ट्रेक्सोन ५० मिलिग्रॅम: गोळी कामाची, पण ती हातावर ठेवणारं माणूस हवं

नाल्ट्रेक्सोन हे दारू आणि गर्दचं व्यसन सोडवण्यासाठी दिलं जाणारं औषध. त्याची गोळी पोटात असताना दारू प्यायली तर दारू चढते, तोल जातो, जीभही अडखळते. पूर्वीसारखी मजा मात्र येत नाही. एका पेगनंतर दुसऱ्याची ओढ कमी होते आणि औषधाचा सगळा फायदा याच ठिकाणी आहे. दारू प्यायल्यावर मेंदू स्वतःचं एंडॉर्फिन, म्हणजे अफूसारखं काम करणारं रसायन, सोडतो आणि ते 'म्यू' नावाच्या रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या ठरलेल्या जागेवर, जाऊन बसतं. नाल्ट्रेक्सोन ती जागा आधीच अडवून ठेवतं. गर्द (हेरॉइन, ब्राउन शुगर) किंवा अफू घेणाऱ्याच्या बाबतीत हा अडथळा जवळपास पूर्ण असतो: ५० मिलिग्रॅमचा सुमारे २४ तास, १०० चा ४८ आणि १५० चा ७२ तास.

पण हे रिसेप्टर काही नशेसाठी बनलेले नाहीत. आईला बिलगल्यावर पोराचं रडं थांबतं, आपल्या माणसांत बसलं की जीव निवांत होतो, त्यातही यांचा मोठा वाटा आहे. मेंदूशास्त्रज्ञ याक पँकसेप यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात दाखवलं, की अफूतून मिळणाऱ्या मॉर्फीनच्या अगदी छोट्या मात्रेनं आईपासून तुटलेल्या पिल्लांचं ओरडणं कमी होतं. २००४ साली म्यू रिसेप्टर नसलेल्या उंदरांची पिल्लं तपासली, तेव्हा आईपासून दूर केल्यावर ती फारशी ओरडतच नव्हती. टॅलापॉइन माकडांना तर १९८९ मध्ये हेच नाल्ट्रेक्सोन दिलं गेलं आणि ती सोबत्यांकडे 'माझे केस विंचर' अशी मागणी जास्त करू लागली. जवळिकीतून मिळणारं समाधान पोचेनासं झालं, म्हणून मागणी वाढली, असा त्याचा अर्थ लावतात. २०१६ च्या एका प्रयोगात ३१ निरोगी माणसांनी चार दिवस नाल्ट्रेक्सोन आणि चार दिवस औषध नसलेली साधी गोळी घेतली. नाल्ट्रेक्सोनच्या दिवसांत आपण माणसांशी जोडलेले आहोत ही भावना थोडी उणावली.

म्हणून गोळी घेऊ नये, असं आमचं म्हणणं नाही. तो प्रयोग छोटा होता, फरकही मोठा नव्हता, आणि दारूनं घर मोडायला आलेलं असताना हा तोल गोळीच्याच बाजूनं झुकतो. फक्त दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एक प्रश्न मुद्दाम विचारावा: घरच्यांत बसून बरं वाटतं का, की सगळं सपाट वाटतं? सपाट वाटत असेल तर ते डॉक्टरांच्या कानावर घालावं. पेशंट स्वतःहून हे बोलत नाही, तो गुपचूप गोळी बंद करतो. दारू सोडल्यानंतरच्या उदासीनंही असंच वाटतं, त्यामुळे दोन्ही शक्यता तपासाव्या लागतात.

आता वापराचं. सुरुवातीआधी लिव्हरची तपासणी हवीच. कावीळ किंवा लिव्हर निकामी होत चाललं असेल तर ही गोळी नको. पहिल्या दिवशी अर्धी म्हणजे २५ मिलिग्रॅम घ्यावी, भरल्या पोटी. मळमळ ही सगळ्यात मोठी तक्रार, आणि उपाशीपोटी पूर्ण गोळी घेतली तर ती वाढू शकते. डोकेदुखी, चक्कर, झोप बिघडणं हेही पहिल्या काही दिवसांत दिसतं. दारू बंद केल्यावरची थरथर, फिट किंवा भ्रम यांवर मात्र हिचा काहीही उपयोग नाही, त्यासाठी वेगळं औषध लागतं.

सगळ्यात वाईट चूक गर्दच्या पेशंटमध्ये होते. शेवटच्या डोसनंतर ७ ते १० दिवस कोरडे गेले नसतील आणि गोळी दिली, तर काही मिनिटांतच जबरदस्त टर्की, म्हणजे नशा तुटल्याचा त्रास, सुरू होते: उलट्या, जुलाब, अंगदुखी, बेचैनी, आणि ती ४८ तासांपर्यंत टिकू शकते. ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन (गर्दच्या जागी दिली जाणारी, अफूच्याच जातीची औषधं) चालू असेल तर दोन आठवड्यांपर्यंत थांबावं लागतं. लघवीच्या साध्या मॉर्फीन-पट्टीवर विसंबू नये, तिच्यात ट्रॅमाडॉल (अफूच्या जातीचं वेदनाशामक) किंवा ब्युप्रेनॉर्फिन दिसत नाही. कोडीनचं (हेही अफूच्याच जातीचं) खोकल्याचं औषध चालू आहे का, हे स्पष्ट विचारावं. पेशंटच्या लेखी ते 'व्यसन' नसतं, म्हणून तो सांगत नाही. शंका असेल तर डॉक्टर आधी नॅलॉक्सोन, म्हणजे असाच अडथळा करणारं पण थोडा वेळच टिकणारं औषध, देऊन पाहतात.

रोज घेतली तर गोळी चालते. अडतं ते रोज घेण्यावर. गर्दसाठी तोंडावाटे नाल्ट्रेक्सोनचे निकाल एकूणात निराशाजनक आहेत आणि कारण एकच: लोक सोडून देतात. जिथे घरचं कोणी समोर बसून गोळी देतं, तिथे चित्र सुधारतं. नाश्ता झाला की बायको किंवा आई पट्टीतून गोळी काढून हातावर ठेवते, तो तिच्यासमोर पाण्याबरोबर गिळतो, आणि कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकोनात खूण होते. पाळत ठेवल्यासारखं वाटू नये म्हणून हे दोघांनी डॉक्टरांसमोर आधी ठरवून घ्यावं. जवळिकीचं रसायन अडवणारी गोळी जवळच्या माणसाच्या हातूनच नीट चालते, ही गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. म्हणून दारूसाठी आम्ही ती बेधडक सुचवू, पण गर्दचा पेशंट एकटा राहत असेल तर ब्युप्रेनॉर्फिनचा विचार आधी व्हावा.

खिशात 'नाल्ट्रेक्सोन चालू आहे' अशी चिठ्ठी ठेवावी. अपघातात मॉर्फीन किंवा ट्रॅमाडॉल लागू पडणार नाही, पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन नेहमीसारखं चालतं. ठरलेल्या ऑपरेशनच्या ७२ तास आधी डॉक्टरांना विचारून गोळी थांबवावी लागते.

आणि गोळी देणाऱ्यानं एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. गर्दच्या पेशंटनं गोळी सोडली, तर पुढचे दिवस सर्वांत धोक्याचे. शरीराची सवय मोडलेली असते, आणि जुन्या मापाचा डोस घेतला तर श्वास थांबू शकतो. कालनिर्णयवर दोन चौकोन रिकामे दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा.