साउंड ब्लास्टर लाइव्ह नव्या संगणकावर : विंडोज ११ की लिनक्स?

सिद्धेश्वर यात्रेतील नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या किंवा भजनी मंडळाच्या जुन्या कॅसेट संगणकावर उतरवून घेण्यासाठी सोलापुरातील एखाद्या घरी माळ्यावरचे साउंड ब्लास्टर लाइव्ह हे जुने साउंड कार्ड खाली काढले गेले, तर ते विंडोज ११ मध्ये चालवावे की लिनक्समध्ये, हे आधी ठरवावे लागते. १९९८ साली आलेल्या या कार्डाला पीसीआय हा जुन्या पद्धतीचा स्लॉट (मदरबोर्डवरील कार्ड बसवायची खाच) लागतो आणि आजच्या बहुतेक मदरबोर्डवर तो नसतो; म्हणजे पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमध्ये बसणाऱ्या अडॅप्टरचा खर्च दोन्हीकडे सारखाच आहे. त्याहून जुन्या, म्हणजे पीसीआयच्या आधीच्या आयएसए स्लॉटमध्ये बसणाऱ्या कार्डांचा नाद सोडलेला बरा.

विंडोजची अडचण जुनी आहे. व्हिस्टापासून मायक्रोसॉफ्टने ध्वनीची सगळी रचना बदलली आणि एक्सपीच्या काळात कार्डावरील चिप डायरेक्टसाउंडची (विंडोजच्या आवाज हाताळणाऱ्या भागाची) जी कामे स्वतः करत असे, ती तिच्याकडून काढून घेतली गेली. केएक्ससारखे हौशी मंडळींनी तयार केलेले ड्रायव्हर (कार्ड आणि विंडोज यांना जोडणारी सॉफ्टवेअर) आहेत. परंतु ड्रायव्हरवर ग्राह्य डिजिटल स्वाक्षरी नसेल, तर सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त विश्वासू सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) बंद करून विंडोज टेस्ट मोडमध्ये, म्हणजे असे ड्रायव्हर चालू देणाऱ्या स्थितीत, चालवावे लागते, आणि मेमरी इंटिग्रिटी ही विंडोजच्या गाभ्याचे रक्षण करणारी सोय चालू असेल तर तीही जुना ड्रायव्हर अडवू शकते. ज्या संगणकावर बँकेचे व्यवहार होतात, त्याचे एवढे दरवाजे एका कार्डासाठी उघडे टाकणे मला पटत नाही.

लिनक्समध्ये या चिपचा ड्रायव्हर कर्नेलसोबतच (लिनक्सच्या गाभ्यासोबतच) येतो, त्यामुळे शोधाशोध बहुधा करावी लागत नाही. आवाज रेकॉर्ड होत नसेल, तर टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर हा आवाजाच्या पट्ट्या दाखवणारा प्रोग्राम उघडून एफ६ ने कार्ड निवडावे, एफ४ दाबून ‘लाइन’ या पट्टीवर जावे आणि स्पेसबार दाबून ती रेकॉर्डिंगसाठी चालू करावी. चिपचे अंतर्गत काम ४८ किलोहर्ट्झवर चालत असल्याने रेकॉर्डिंगही त्याच दराने करावे. साउंडफाँट (वाद्यांच्या ध्वनिनमुन्यांचा संच, ज्यातून कार्ड संगीत वाजवते) कार्डावर चढवण्याची सोयही येथे आहे, मात्र त्यासाठी वेगळे पॅकेज बसवावे लागते.

केवळ कॅसेटच उतरवायच्या असतील, तर यूएसबी साउंड कार्ड हा तिसरा मार्ग दोन्ही प्रणालींवर वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालतो. मात्र नवी पेठेत खरेदीला गेल्यावर स्टिरिओ लाइन-इन आहे ना, हे विचारूनच घ्यावे. स्वस्त कार्डांना बहुधा एकच मोनो माइक इनपुट असते आणि त्यात टेप डेकचे लाइन-आउट जोडले की आवाज फाटतो.

साउंडफाँटची हौस असेल, तरच मी जुने कार्ड ठेवीन आणि तेही लिनक्सवर. अडॅप्टर घेण्यापूर्वी कार्डावरील चिप पाहून घ्यावी : ‘लाइव्ह २४-बिट’ नावाच्या कार्डात ईएमयू१०के१ ही मूळ चिप नाही, त्यामुळे त्याचा लिनक्स ड्रायव्हर वेगळा असतो आणि साउंडफाँटची सोयही त्यावर मिळत नाही.