जंगल वाचवा म्हणणारा टी-शर्ट: कापड झकास, छातीवर मात्र प्लास्टिक

गर्द हिरवा रंग, जुन्या पोस्टरच्या धाटणीचा छापा, देवदारांची रांग, मागे मावळता सूर्य आणि त्याचे चार पट्टे. (आमच्या सातपुड्यात देवदार कुठले? साग, सालई, अंजन काढले असते तर जळगाव-धुळ्यात जास्त खपला असता.) किंमत 899 रुपये.

कापडाबद्दल तक्रार नाही. 180 जीएसएम (चौरस मीटरला 180 ग्रॅम), कोम्ब्ड म्हणजे विंचरलेल्या सुताची सिंगल जर्सी, टी-शर्टाची नेहमीची एकेरी वीण. पहिल्या धुण्यात लांबी 28 इंचांवरून 27 वर आली. शुद्ध सुतीला एवढं चालतं, पण मधल्या मापात अडकणाऱ्यांनी मोठा घ्यावा. डावी शिवण धुतल्यावर पोटाकडे सरकते. सुताचा पीळ मोकळा होतो म्हणून असं होतं, इस्त्रीने ते जात नाही. गळ्याची रिब, म्हणजे ताणणारी पट्टी, अजून ढिली पडलेली नाही. मार्चपर्यंत या शर्टाला पाचपैकी साडेचार दिले असते.

मग मे आला. पारा 45 च्या आसपास गेला की छापा म्हणजे काय चीज आहे ते कळतं. पूर्ण सूर्य प्लास्टिसोल शाईचा, म्हणजे पीव्हीसी प्लास्टिकचा. त्यातून हवा जात नाही, घाम जिरत नाही, छातीवर पोस्टकार्डाएवढा चौकोन चिकटून बसतो. बाकी शर्ट पंख्याखाली वाळतो, तो चौकोन ओलाच राहतो आणि त्याच्या कडेने घामाच्या मिठाची पांढरी रेघ उठते. शाई ओळखायची असेल तर छाप्यावर पाण्याचा थेंब टाका. मोत्यासारखा उभा राहिला तर बहुधा प्लास्टिसोल. जिरला तर बहुधा पाण्यावर आधारित शाई.

हे एक वेळ सोसलं असतं, पण पिवळा पट्टा तडकला. विक्रेत्याचं उत्तर ठरलेलं: ‘चुकीच्या धुण्यामुळे.’ साफ खोटं. गडद कापडावर पिवळा उठावा म्हणून खाली पांढऱ्या शाईचा थर देतात आणि वर पिवळा. शाई पक्की व्हायला तिच्या पूर्ण जाडीला साधारण 160 अंश सेल्सिअस मिळावे लागतात. दुहेरी थर जाड. छापलेला शर्ट घाईने भट्टीतून पुढे काढला की वरची साय पक्की, आतला भाग कच्चा. देवदारांचा काळपट रंग पांढऱ्या थराशिवाय थेट कापडावर आहे आणि तो शाबूत आहे. धुण्याचा दोष असता तर झाडंही तडकली असती की! एवढं लिहून पाठवल्यावर पुढच्या खरेदीवर शंभर रुपये सूट देऊ केली. म्हणजे अजून 799 आपल्याच खिशातून.

चीड वेगळ्याच गोष्टीची येते. ही धाटणीच मुळी जाळीच्या छपाईतून आली. अमेरिकेत 1938 ते 1941 दरम्यान राष्ट्रीय उद्यानांची पोस्टरं सिल्कस्क्रीनने, म्हणजे जाळीतून शाई दाबून, छापली गेली, रंगागणिक वेगळी जाळी, म्हणून मोजके सपाट रंग. आणि शर्टासोबत विकतात तो विचार तिथल्या 1964 च्या वाइल्डरनेस कायद्याचा: काही मुलूख रस्ते-मोटारींविना जसा आहे तसा सोडायचा. त्याची जाहिरात पीव्हीसीने, आणि वर त्याचे कण प्रत्येक धुण्यात गटारीत.

आता कच्च्या शाईवर उपाय, पैसे गेलेलेच आहेत म्हणून. शर्ट पूर्ण कोरडा करा. छाप्यावर बटर पेपर, आत जाड सुती कापड. इस्त्री सुतीच्या खुणेवर, वाफ बंद. एका जागी दहा-पंधरा सेकंद दाबा, उचला, पुढे ठेवा. घासू नका, आणि इस्त्री थेट शाईला लावू नका, वितळून चिकटते. थंड झाल्यावरच कागद सोलायचा. मग बोटांनी हलकं ताणून पाहा.

पावसाळ्यानंतरची भर: इस्त्रीनंतर बारीक भेगा मिटल्या, रुंद राहिल्या, पण नवीन पडल्या नाहीत. हिरवा रंग फिका पडला तो उलट शोभतोय, आता खरा जुना वाटतो. बोअरच्या जड पाण्यात पावडर नीट खंगाळली जात नाही आणि कापड कडक होतं. पावडर निम्मी करा, शेवटच्या पाण्यात दोन चमचे पांढरा व्हिनेगर घाला. उलटा करून धुवा, सावलीत वाळवा. गच्चीवरच्या तापलेल्या पत्र्यावर टाकू नका.

सातपुड्यातल्या यावल अभयारण्य किंवा तोरणमाळकडे नेणार असाल तर पावसाळा सरल्यावर कुसळी गवत सांभाळा. कुसळ विणीत टोकाने शिरतं. बाहेरून ओढलं की धागा सुटतो. शर्ट उलटा करून टोक आतूनच पुढे काढा.

गुण अडीच. कापड साडेतीनशेचं, चित्र दीडशेचं, बाकी विचाराचे पैसे. पाण्यावर आधारित शाईची आवृत्ती आली तर विचार करा, पण मागवण्याआधी छापा ताणून जवळून काढलेला फोटो मागा.