वीजजोड की सौरपंप? माझ्या विहिरीपुरतं सांगतो

कागदावर पाहिलं तर वाद मिटल्यातच जमा आहे. 2024 पासून 7.5 एचपीपर्यंतच्या कृषिपंपांना वीज मोफत. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत मात्र खुल्या गटातल्या शेतकऱ्याला 10 टक्के हिस्सा पदरचा भरावा लागतो. तरीही वाटण्या झाल्यावर माझ्या विहिरीवर मी सौरपंपच घेतला. जुनी विहीर वीजजोडासकट दादांकडे आहे, त्यामुळे दोन्ही रोज डोळ्यांसमोर असतात.

दादांच्या वाट्याला आलेली विहीर आधी मीच सांभाळायचो. एक आठवडा दिवसा आठ तास लाइट, पुढचा आठवडा रात्री दहा तास. जानेवारीत कांद्याचं भरणं, म्हणजे पाणी देणं, रात्रपाळीत आलं की बॅटरी दातांत धरून गार पाण्यात दारं मोडायची, म्हणजे पाणी एका वाफ्यातून पुढच्या वाफ्यात वळवायचं. वाफा फुटला तर ते सकाळी कळणार. आमचा जुन्नरचा पट्टा, शेजारी ऊस, म्हणजे बिबट्या आलाच. बायको मोबाइलवर मोठ्यानं गाणी लावून बांधावर बसायची. दुसऱ्या दिवशी दोघंही निम्म्या कामाचे. फुकट विजेच्या हिशेबात ही बुडालेली मजुरी कुणी धरत नाही. मी धरली आणि तिथंच माझं ठरलं.

सौरपंपाचं सगळं गोड आहे असं नाही. सकाळी लवकर आणि चारनंतर पाणी बारीक होतं, ढग आले की मोटार दमते. पॅनेलच्या विजेवर मोटार चालवणारा कंट्रोलर बंद पडला तेव्हा दुरुस्तीचा माणूस यायला बारा दिवस लागले, तेही हमीच्या मुदतीत. पंप जमिनीच्या हिशेबानं मिळतो. माझी साडेतीन एकर, म्हणून 5 एचपी. मे महिन्यात विहीर आटली की पॅनेल नुसते ऊन खात बसतात. युनिव्हर्सल कंट्रोलर असेल तर त्यावर कडबाकुट्टी, म्हणजे चारा कापायचं यंत्रही चालतं म्हणे, माझ्याकडे तो नाही.

खोल बोअर किंवा आठ-दहा एकर ऊस असेल, तर बहुधा दादांचंच बरोबर. आणि तुमचा फीडर, म्हणजे पंपांना वीज पुरवणारी लाइन, मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत आला असेल, तर दिवसा लाइट मिळते. मग माझं निम्मं म्हणणं बाद. आमचा अजून आलेला नाही.

माझ्यापुरतं म्हणाल तर यंदा दुपारी भरणं उरकून अर्धा एकर फ्लॉवर जास्तीचा निघाला, बाहेरचा मजूर न लावता. परवा रात्री दीडला दादांचा फोन आला, डीपीचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरचा फ्यूज गेलाय, बॅटरी घेऊन ये. गेलो, अर्थात.