खाडीवरच्या पक्ष्यांसाठी निकॉन पी९५०: सांगली-साताऱ्याहून कोकणात उतरणाऱ्यांनी घ्यावा का?

घरच्यांसोबत कोकणात उतरायचं, सकाळचे तीन तास खाडीकाठी घालवायचे, दिसलेला पक्षी नेमका कोणता ते मुक्कामावर परतल्यावर फोटो मोठा करून पडताळायचं आणि त्यातले दोन-चार छापून घ्यायचे, एवढी अपेक्षा असेल तर निकॉन कूलपिक्स पी९५० हा कॅमेरा बिनदिक्कत घ्या. सूर मारणाऱ्या सुरय पक्ष्याचं पीस न् पीस टिपायचं असेल, तर तो तुमच्या कामाचा नाही. त्यासाठी दोन किलोच्या आसपासची १५०-६०० किंवा २००-६०० ची लेन्स, तिला साजेशी बॉडी आणि भक्कम ट्रायपॉड लागतो, आणि मग सुट्टीत बाकी काही सुचत नाही.

पी९५० चं वजन बॅटरी आणि कार्डासकट साधारण एक किलो आहे. लेन्स ८३ पट झूमची, म्हणजे फुल-फ्रेमच्या हिशेबात २४ ते २००० मिमी. छिद्र (उजेड आत येण्याची वाट; आकडा मोठा तसं छिद्र लहान) रुंद टोकाला एफ २.८ आणि लांब टोकाला एफ ६.५. सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारा भाग, १६ मेगापिक्सेलचा, पण आकाराने करंगळीच्या नखापेक्षा लहान. या कॅमेऱ्याचे सगळे गुण-अवगुण या शेवटच्या गोष्टीतून येतात. सेन्सर लहान म्हणूनच एवढा लांबचा झूम एका किलोत बसतो, आणि सेन्सर लहान म्हणूनच उजेड कमी झाला की फोटो चिवड्यासारखा दाणेदार होतो.

दुकानात विक्रेता २००० मिमीवर नेऊन समोरच्या इमारतीवरची पाटी वाचून दाखवतो आणि गिऱ्हाईक तिथेच गार होतं. खाडीवर मात्र हाच आकडा बहुतेकांचे फोटो बिघडवतो. ५० मीटरवर २००० मिमीच्या चौकटीत जेमतेम ९० सेंटिमीटर रुंदी मावते. त्यात वीतभराची तुतारी (चिखलात चरणारा छोटा पक्षी) चौकटीचा पाचवा हिस्सा व्यापते. तीच तुतारी ३० मीटरवर असेल तर १२०० मिमीला तेवढीच मोठी दिसते. फरक मधल्या हवेचा. ऊन चढलं की ओला चिखल आणि वाळू तापते, त्यावरची हवा थरथरू लागते आणि लेन्स कितीही चांगली असली तरी त्या झळांमधून पिसांचे बारकावे येत नाहीत. ऑटोफोकसही मागेपुढे हेलकावतो. लोक म्हणतात, ‘कॅमेरा सॉफ्ट आहे,’ म्हणजे चित्र धूसर येतं. बऱ्याचदा दोष कॅमेऱ्याचा नसून साडेनऊनंतरच्या हवेचा असतो. म्हणून दोन गोष्टी पक्क्या ठरवा. फोटोचं खरं काम उजाडल्यापासून साडेनऊपर्यंत उरकायचं, आणि झूम शक्यतो १२०० ते १४०० च्या पुढे न्यायचा नाही. २००० च्या पुढचा डिजिटल झूम मेनूत जाऊन बंदच करून टाका. तो फक्त चित्र ताणतो.

हवा कमी करायची तर पक्षी जवळ यायला हवा. चिखलात उतरून त्याच्यामागे जाणं हा त्याचा मार्ग नव्हे. गाळ गुडघाभर धरतो, खडकांवरची कालवं पाय कापतात आणि थवा तर उडूनच जातो. पक्षी जवळ आणण्याचं काम भरती करते. ओहोटीला चिखल उघडा पडतो तेव्हा कोरल, चिखल्या, तुताऱ्या असे चिखलपक्षी सगळे पार पाण्याच्या कडेला, दोन-तीनशे मीटर आत चरत असतात. पाणी चढू लागलं की चरायची जागा आक्रसते आणि थवे पावलापावलाने काठाकडे सरकतात. तुम्ही आधीच येऊन काठावर गप्प बसला असाल, तर तासाभरात ते आपणहून २५-३० मीटरवर येतात.

वेळ काढायचा कोकणी हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला सहा, अमावास्येला किंवा पौर्णिमेला सव्वाअकरा. जागेगणिक पाऊण-एक तास इकडेतिकडे होतो, म्हणून नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात पाहून घ्या. रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा साधारण ५० मिनिटं उशिरा येते. आता दिवाळी पाहा. लक्ष्मीपूजन अमावास्येला, म्हणजे पहाटे ओहोटी आणि सकाळभर चढतं पाणी. भाऊबीज द्वितीयेला, भरती दुपारी दीडच्या सुमारास, म्हणजे सात-सव्वासातपासून पाणी चढत जाणार. थंडीचे पाहुणे तोवर आलेले असतात. पक्ष्यांसाठी यापेक्षा सोयीची सुट्टी वर्षात दुसरी नाही. याउलट अष्टमीच्या आसपास गेलात तर सकाळभर पाणी उतरत राहतं आणि पक्षी लांब लांब जातात. मे महिन्यातल्या सुट्टीत तर बहुतेक चिखलपक्षी उत्तरेला निघून गेलेले असतात, तेव्हा या कॅमेऱ्यालाच काय, कुठल्याच कॅमेऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही.

कोकणात समुद्र पश्चिमेला असल्यामुळे सकाळचा सूर्य तुमच्या पाठीशी असतो आणि पक्ष्यावर समोरून ऊन पडतं. लहान सेन्सरला हा उजेड फार मोलाचा. संध्याकाळी त्याच जागी फक्त काळ्या आकृत्या मिळतात. भाट्याची खाडी, आंजर्ल्याची खाडी, गुहागरचा किनारा, सगळीकडे हा हिशेब लागू पडतो. फक्त खाडी आत वळली असेल तर काठ निवडताना सूर्य बघून बसा.

सेटिंग एकदा नीट लावून यूझर मोडमध्ये साठवा. डायलवर पक्ष्याचं चिन्ह असलेला खास मोड आहे. घरातल्या मुलांच्या हातात कॅमेरा द्यायचा असेल तेव्हा तो उत्तम. स्वतःसाठी एस मोड (शटरचा वेग आपण ठरवायचा) बरा: चरणाऱ्या पक्ष्याला ५०० चा शटर, म्हणजे सेकंदाचा पाचशेवा भाग, स्थिर उभ्या बगळ्याला २५०. कॅमेऱ्याचं कंपनरोधन खरंच चांगलं आहे, पण ते तुमचा हात सावरतं, पक्ष्याची हालचाल थांबवत नाही. तुतारीची शेपटी सतत वरखाली होत असते, तिथे २५० पुरत नाही. ऑटो आयएसओची (उजेडाच्या संवेदनशीलतेची) मर्यादा ८०० ठेवा. ४०० पर्यंत पिसं शाबूत राहतात, ८०० ला ओळख पटण्यापुरती, आणि त्यापुढे रंग एकमेकांत मिसळतात. पांढऱ्या बगळ्याला एक्स्पोजर ०.७ ते १ ने उतरवा, नाहीतर पाठीवरची पिसं चुन्याच्या भिंतीसारखी सपाट येतात. चकाकत्या चिखलावर गडद कोरल असेल तर उलट ०.३ ते ०.७ ने चढवा. फोकसचा चौकोन मधला आणि लहान ठेवा, आणि डोळ्यावर नाही मिळाला तर मानेच्या बुडाशी धरा. लांब चोचीच्या टोकावर धरला की फसलाच.

लेन्सच्या डाव्या अंगाला एक छोटं बटण आहे, त्याचा सराव झाल्याशिवाय कोकणात जाऊ नका. ते दाबून धरलं की झूम झटकन मागे येतो, चौकटीत आजूबाजूचा परिसर दिसतो, पक्षी पुन्हा सापडतो, आणि बटण सोडलं की झूम होता तिथे परत जातो. २००० मिमीवर चौकटीतून निसटलेला पक्षी एरवी शोधत बसावा लागतो. या बटणाने तो दोन सेकंदांत मिळतो. सराव घरच्या घरी होतो. सांगलीत कृष्णेच्या घाटावर कवड्या धीवर पाण्यावर एका जागी फडफडत थांबतो, त्याच्यावर करा. साताऱ्याकडच्यांना माहुलीचा संगम आहे, खटावकडच्यांना मायणी आणि येरळवाडीचा तलाव आहेच. आठवडाभर रोज अर्धा तास दिला तरी बोटं सरावतात.

उडत्या पक्ष्यांबाबत आधीच सावध करतो. फोकस सावकाश आहे आणि बर्स्ट (बटण दाबून धरल्यावर सलग निघणारे फोटो) सेकंदाला ७ ने फक्त १० फोटोंचा. दहा झाले की कॅमेरा कार्डावर लिहीत बसतो आणि तुम्ही समुद्र गरुडाला नुसतं जाताना बघता. रॉ (कच्ची, जड) फाइल घेत असाल तर ही वाट आणखी लांबते, म्हणून बर्स्टसाठी जेपेगच ठेवा. तीन-तीन, चार-चारचे तुकडे घ्यायची सवय लावा. तरीही एक उडता पक्षी हा कॅमेरा चांगला देतो, तो म्हणजे कुरव (सीगल). हर्णै बंदरात मासळी उतरते तेव्हा कुरव डोक्यावर घिरट्या घालतात. ३०० ते ५०० मिमीवर, १२५० च्या शटरने, पाठीशी ऊन घेऊन उभं राहिलात तर छापण्याजोगे फोटो नक्की मिळतात.

ट्रायपॉडपेक्षा बीनबॅग घ्या, आणि ती विकत आणायचीही गरज नाही. जुन्या जीन्सचा साधारण १२ बाय ७ इंचाचा दुहेरी कप्प्याचा खोगीरासारखा आकार शिवून घ्यायचा. मधली पट्टी गाडीच्या खिडकीच्या काचेवर बसते, एक कप्पा आत लोंबतो, एक बाहेर. दीड किलो शाळू भरला की पुरे. गच्च भरायची नाही, पाव भाग रिकामा हवा, म्हणजे लेन्स त्यात रुतून बसते आणि दाणे दोन्ही बाजूंनी तिला धरून ठेवतात. ठासून भरलेली पिशवी दगडासारखी होते आणि कॅमेरा तिच्यावरून घरंगळतो. खाडीकाठी पिशवी ओली झाली तर शाळू दुसऱ्या दिवशी आंबूस वास मारतो आणि मग मोड येतात, म्हणून आत प्लॅस्टिकच्या पिशवीचं अस्तर घाला. गाडीतून फोटो काढताना इंजिन आणि एसी दोन्ही बंद ठेवा. बॉनेटवरची गरम हवा आणि खिडकीतून बाहेर पडणारी गार हवा, दोन्हींनी चित्र थरथरतं. जमिनीला टेकून फोटो घेतला की मागचं पाणी सुंदर धूसर येतं, पण झळा जमिनीलगतच जास्त असतात. त्यामुळे झोपून काम साडेआठच्या आत, नंतर बांधावर किंवा गाडीत.

या कॅमेऱ्याची सर्वांत मोठी उणीव म्हणजे तो खारट हवेसाठी बांधलेला नाही. धूळ-पाण्याला अटकाव करणारे सील त्याला नाहीत. झूम पुढे गेला की नळी भात्यासारखी हवा आत ओढते, आणि त्या हवेबरोबर बारीक वाळू आणि खारे तुषारही जातात. लेन्स निघत नसल्यामुळे आत गेलेला कण घरी साफ करता येत नाही, सर्व्हिस सेंटरच गाठावं लागतं. म्हणून वारा सुटलेल्या किनाऱ्यावर झूमची उघडझाप करू नका. एका लांबीवर ठेवून काम करा. पुढे ६७ मिमीचा साधा यूव्ही फिल्टर कायम लावलेला असू द्या. मुक्कामावर परतलात की गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने आधी नळी पुसा, मग कोरड्याने, आणि त्यानंतरच झूम मिटवा. क्रम उलटा झाला तर मीठ नळीबरोबर आत जातं. एसीच्या खोलीतला कॅमेरा पहाटे दमट हवेत थेट काढला की काचेवर दव धरतं. रात्री तो पिशवीत बंद ठेवा आणि निघायच्या अर्धा तास आधी बंद पिशवीच बाहेर आणून ठेवा.

कंपनी एका बॅटरीत २९० फोटो सांगते. सतत झूम आणि व्ह्यूफाइंडर वापरला की सकाळ संपायच्या आत दुसरी लागतेच. दोन जास्तीच्या घ्या. बॅटरी कॅमेऱ्यात ठेवून पॉवर बँकेवरही चार्ज होते, पण त्यासाठी मायक्रो यूएसबीची जुनी केबल लागते. हल्लीच्या मोबाइलची केबल चालत नाही आणि ही चूक हमखास मुक्कामावर पोचल्यावरच लक्षात येते.

नवा घेताना पक्कं बिल आणि भारतातलं वॉरंटी कार्ड मागून घ्या. जुना घेत असाल तर दुकानातून बाहेर येऊन एफ ८ वर मोकळ्या आकाशाचा एक फोटो काढा, एकदा रुंद टोकाला आणि एकदा पूर्ण झूमवर. दोन्हींत एकाच जागी काळपट ठिपका दिसला तर धूळ सेन्सरवर आहे. झूम पूर्ण पुढे-मागे चार-पाच वेळा करून कान द्या. करकर ऐकू आली किंवा नळी मध्येच अडखळली तर तो कॅमेरा बहुधा वाळूत फिरलेला आहे. तो सौदा सोडा.

२००० मिमीचा खरा उपयोग एका कामाला होतो, आणि तिथे हा कॅमेरा महागड्या लेन्सच्या तोडीस तोड आहे. चिखलपक्ष्यांच्या पायात कधी कधी रंगीत पट्टी आणि तिच्यावर अक्षरं असतात. पक्षी कुठून कुठे गेला ते कळावं म्हणून अभ्यासकांनी ती घातलेली असते. तिथे फोटो देखणा नसला तरी चालतो, फक्त अक्षर वाचता यायला हवं. थवा चरायचं थांबून माना वर करू लागला तर एक पाऊलही पुढे टाकू नका. आहात तिथेच बसा, पूर्ण झूम लावा, पायावर फोकस धरा आणि तीन-तीनच्या तुकड्यांत वीस-पंचवीस फोटो घ्या. झळांमधूनही त्यातला एखादा स्पष्ट निघतो. पट्टीचा रंग, अक्षरं, कोणता पाय, पट्टी गुडघ्याच्या वर की खाली, जागा आणि तारीख एवढं लिहून फोटोसह बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) कळवा.