लहान मुलांचे ईअरमफ: ठाण्यातल्या सणासुदीत वापरून मग लिहितेय

मुद्द्याचं आधी सांगते, घ्या. माझा मुलगा सात वर्षांचा आहे, ऑटिस्टिक आहे, बोलतो अगदी थोडं, आणि आम्ही राहतो नौपाड्यात, म्हणजे दहीहंडी, विसर्जन, टेंभी नाक्याची देवी सगळं जवळच. हे ईअरमफ म्हणजे बांधकामावर मोठ्या मशीनजवळ काम करणारे लोक कानावर लावतात तसलेच, फक्त छोट्या साईझचे. बॅटरी नाही, चार्जिंग नाही, ब्लूटूथ नाही. हजार-बाराशेच्या आसपास मिळाले.

बरेच जण विचारतात की नॉइज कॅन्सलिंग हेडफोन का नाही घेतले. ते एसीची घरघर, बसचं इंजिन असा एकसारखा चालणारा आवाज छान कमी करतात, पण कुकरची शिट्टी, फटाका, ताशाचा तडतडाट असं जे अचानक येतं तिथे ते कमी पडतात आणि आमचा सगळा त्रास त्याचाच आहे. ईअरमफच्या पाकिटावर एनआरआर किंवा एसएनआर असा आकडा असतो, म्हणजे आवाज किती डेसिबल कमी होतो ते, तो २० च्या वर असेल असं बघा. १० डेसिबल कमी झाले की आपल्या कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो, म्हणजे फरक चांगलाच पडतो. अर्थात तो आकडा लॅबमधला, मध्ये चष्म्याची दांडी आली किंवा केस अडकले की तेवढा मिळत नाही. पूर्ण शांतता होत नाहीच, आणि ते बरंच आहे, कारण मी हाक मारलेली त्याला ऐकू येते.

ऑटिझमचं निदान व्हायच्या आधी आम्हाला बेरा टेस्ट, म्हणजे ऐकू येतं का ते बघायची तपासणी, करायला सांगितली होती कारण हाक मारली तरी बघायचा नाही, तेव्हा कान एकदम नॉर्मल निघाले. म्हणून नातेवाईक अजून म्हणतात कान चांगले आहेत तर हे कशाला गं. अहो कान चांगलेच आहेत, पण आपण बोलताना पंखा, रिक्षा, शेजारचा टीव्ही आपोआप मागे टाकतो ना, ते त्याला जमत नाही, सगळं एकदमच अंगावर येतं. आणि मग तो जो रडतो, जमिनीवर झोपतो, स्वतःच्या डोक्यावर मारून घेतो, त्याला लोक हट्ट म्हणतात. हट्टात मूल मधेच बघतं आई बघतेय का, आणि हवं ते मिळालं की थांबतं. मेल्टडाउनमध्ये, म्हणजे सगळं असह्य होऊन ताबा सुटतो तेव्हा, समोर चॉकलेट धरलं तरी थांबत नाही, कारण त्याला काही नकोच असतं, सहन होत नसतं एवढंच. त्या वेळी रागावू नका, ‘काय झालं काय झालं’ विचारू नका, आपलं बोलणं हाही आवाजच असतो. बाजूला न्या, डोकं आपटणार नाही एवढं बघा आणि जवळ थांबा. काही मुलं उलटी एकदम गप्प होतात, तोंड फिरवून बसतात, आणि लोकांना वाटतं किती शहाणं बाळ. त्यालाही तेवढाच त्रास होत असतो हो.

मेल्टडाउन पूर्ण चढल्यावर ईअरमफचा उपयोग जवळजवळ नाही, तेव्हा डोक्याला हात लावलेलाच चालत नाही. आधीच्या खुणा ओळखायला लागतात. माझा मुलगा आधी बोटं जोरात हलवायला लागतो, मग एका जाहिरातीची ओळ परत परत म्हणतो, मग कान दाबतो. जाहिरात सुरू झाली की मी ईअरमफचं चित्र असलेलं कार्ड त्याच्यासमोर धरायचे. यावर्षी विसर्जनाला तलावपाळीजवळ ढोल सुरू व्हायच्या आत त्यानेच माझ्या पिशवीत हात घालून ते काढले, लावले आणि बाप्पा जाईपर्यंत बघत उभा राहिला. मला ह्याचं सगळ्यात जास्त मोल आहे, गर्दीत नेता आलं ह्यापेक्षासुद्धा. ज्याला ‘मला त्रास होतोय’ म्हणता येत नाही त्याने ते हाताने सांगितलं!

पहिल्याच दिवशी लावेल अशी अपेक्षा ठेवू नका. घरी शांततेत, त्याच्या आवडत्या खेळाच्या वेळी थोडा थोडा वेळ, आणि काढले तर काढू द्यायचे. काही मुलांना डोक्यावरचा दाब आवडतो, काहींना अजिबात नाही, त्यांच्यावर जबरदस्ती नको. आमच्या ओटी (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) मॅडमनी बजावलंय की दिवसभर घालायचे नाहीत, नाहीतर साधे आवाजसुद्धा जास्त टोचायला लागतात. रस्ता ओलांडताना मी काढून घेते, हॉर्न ऐकू यायला हवा.

एक स्टार कापतेय तो घामासाठी. आपल्याकडच्या दमट हवेत कानाभोवती चिकचिक होते, ट्रेनमध्ये तर फारच, आणि गादीचं रेक्झिन कडेने सोलायला लागलंय. सुटी गादी बदलून मिळते अशी कंपनी बघा, आणि रिटर्न असेल तरच ऑर्डर करा कारण डोक्याच्या मापाचा अंदाज फोटोवरून येत नाही. आणि दहीहंडीच्या आदल्या दिवशी नका मागवू, सवय व्हायला वेळ मिळायला हवा.