पेट्रोल ईको सीएनजीवर आणल्या: आठ महिन्यांचा हिशेब

भोसरीहून चाकण, रांजणगावला सुटे भाग पोचवणाऱ्या आमच्या चार मारुती ईको व्हॅन, सगळ्या बीएस-४ (प्रदूषणाच्या जुन्या मानकाच्या). दिवाळीनंतर चारही गाड्यांना सीएनजीचं सिक्वेन्शियल किट (इंजिनच्या प्रत्येक सिलिंडरला पाळीपाळीने गॅस देणारं) बसवलं. गाडीमागे साधारण ६५ हजार गेले. आरसीवर इंधनाची नोंद बदलून घ्या आणि विमा कंपनीला कळवाच. विम्याच्या हप्त्यात किटच्या किमतीच्या ४ टक्के आणि थर्ड पार्टीचे ६० रुपये वाढतात, पण नोंद नसेल तर क्लेमच्या वेळी अडकाल.

पेट्रोलवर लिटरला १३ किलोमीटर पडायचे, गॅसवर किलोला २० पडतात. पेट्रोल १०४ आणि गॅस ९० धरला तर किलोमीटरमागे साडेतीन रुपये सुटतात, म्हणजे किट साडेअठरा हजार किलोमीटरमध्ये वसूल. रोज शंभरेक किलोमीटर धावणाऱ्या गाड्यांचे पैसे फिटले. जी जेमतेम तीस धावते तिला दोन वर्षं लागतील.

खरा खर्च रांगेत आहे. दुपारी पंपावर पाऊण तास गेला की ड्रायव्हरचा पगार चालूच राहतो आणि एक फेरी बुडते. त्यात प्रेशरचा प्रश्न. टाकी २०० बार दाबाला भरायची असते, पण जिथे पाइपलाइन पोचलेली नाही तिथे गॅस ट्रकवरच्या कॅस्केडमधून, म्हणजे एकत्र जोडलेल्या सिलिंडरांमधून येतो. कॅस्केड रिकामा होत आला की ६० लिटरच्या टाकीत नऊऐवजी सहा-सात किलोच बसतो आणि संध्याकाळी पुन्हा रांग. आता आम्ही रात्री दहानंतर, पाइपलाइनच्या पंपावरच भरतो. गॅसचा भाव दोन रुपयांनी उतरला असता तरी इतका फरक पडला नसता.

लोखंडी टाकीचं वजन माणसाएवढं, तेवढा माल कमी भरावा लागतो. प्लग लवकर बदलावे लागतात. दर तीन वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) असते, त्या दिवशी गाडी उभी राहणार हे धरून चाला.

भावातली तफावत कायम राहील असं समजून कर्ज काढू नका. एप्रिल २०२२ मध्ये राज्याने सीएनजीवरचा व्हॅट १३.५ वरून ३ टक्क्यांवर आणला, पण युक्रेन युद्धात जगभर गॅस भडकला आणि त्याच वर्षी भाव पुन्हा चढले. २०२४ च्या अखेरीस शहर गॅस कंपन्यांना मिळणारा स्वस्त देशी गॅस कमी झाला. म्हणून मी साडेतीनऐवजी अडीच रुपयेच धरतो. पुढची गाडी कंपनी फिटेड सीएनजीच घेणार आहे, पण रोज ऐंशी किलोमीटरचं पक्कं काम हातात आल्यावरच.